साडेसदतीसचं घर

मित्रांनो, मी एक जुनी हेडर फाइल आहे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बाकीच्या फाइलींची सामायिक नोंदवही. नाक मुरडू नका! मला ना चाकं ना शेपूट, पण माझंही आयुष्य काही कमी धावपळीचं गेलेलं नाही.

आमच्या लहानशा कारखान्यात अशक्त नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनतात. प्रत्येक पेटीत नखाएवढी चिप असते आणि तिने काय करायचं ते प्रोग्रॅम सांगतो. हा प्रोग्रॅम पुष्कळ फाइलींचा मिळून होतो. हीटर चिपच्या कोणत्या पायाला, म्हणजे पिनला, जोडलाय, बाळाचं अंग किती तापलं की भोंगा वाजवायचा, हे त्या सगळ्यांनी मला विचारायचं. मला घडवलं सासूबाईंनी. माझ्या नव्हेत हो, आमच्या धाकट्या इंजिनिअर बाईंच्या! दोघी घरीही एकत्र आणि कामावरही. माझ्या पहिल्याच ओळीत सासूबाईंनी बाकीच्या फाइलींना बजावून ठेवलं, की एकदा वाचली असेल तर पुन्हा वाचू नका. तेव्हा मी किती सुटसुटीत होते!

पुढे माझे फार लाड झाले. पडद्यावरचे संदेश, पंख्याचा वेग, भोंग्याचा सूर, जे कुठे मावेना ते माझ्यात कोंबलं. नको ते सामान माळ्यावर टाकतात ना, तसं. माझ्यात एक आकडा हलला तरी सगळ्या फाइली नव्याने तयार व्हायच्या आणि सगळे हात बांधून बसायचे. हिचे तुकडे करूया, असं सूनबाईने सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, चाललंय ना, मग हात कशाला लावायचा? पण भोंग्याचं काम करताना सूनबाईने मला टाळलं आणि अडतीस अंश हा आकडा परस्पर आपल्याच फाइलीत लिहून टाकला.

मग प्रसूती रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं, की अडतीसपर्यंत थांबू नका. साडेसदतीसलाच हीटर बंद होऊन भोंगा वाजला पाहिजे. सासूबाईंनी माझ्यातला आकडा बदलला. झालं काम, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

पेटी न्यायला गाडी दारात आली होती. शेवटची चाचणी म्हणून सूनबाईने बाळाच्या अंगाला लावायचा सेन्सर कोमट पाण्यात धरला आणि वरून थोडं थोडं गरम पाणी ओतत गेली. साडेसदतीसला हीटर बंद झाला. भोंगा मात्र ढिम्म. तो ओरडला थेट अडतीसला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, चूक माझी आहे," ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, मग तुझ्या फाइलीतला आकडा बदल आणि मोकळी हो, गाडी खोळंबलीय.

"आज मला आठवतंय म्हणून बदलेन. उद्या आपण दोघी इथे नसलो तर? एखादं बाळ तापत राहील आणि कुणाला कळणारही नाही."

सासूबाईंनी मला उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं. भरली आपली घटका, असं मला वाटलं. मग त्यांनी गाडी रिकामी परत पाठवली, रुग्णालयाला फोन करून उद्याचा वायदा केला आणि खुर्ची ओढली.

"सरक जरा. पसारा माझा आहे, मीच आवरते. काही राहून जातंय का, तेवढं तू बघ."

चिपच्या पायांची वेगळी फाइल झाली, पडद्याची वेगळी, पंख्याची वेगळी. माझ्याकडे राहिले फक्त तापमानाचे आकडे. सूनबाईने आपला चोरटा अडतीस खोडला आणि भोंग्याची फाइलही मला विचारू लागली. दुसऱ्या दिवशी भोंगा साडेसदतीसला असा कोकलला की कानठळ्या बसल्या, आणि सासू-सुना हसत सुटल्या. मला काटछाट करून जगवलं त्यांनी. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, मी स्वतः पेटीत बसून जात नाही. जातो तो मी सांगितलेला आकडा. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पेटी बिघडून तापू लागली होती, भोंगा वेळेवर वाजला, नर्स धावली आणि बाळ सुखरूप घरी गेलं. ते ऐकून सासूबाईंनी मला उघडलं. काही बदललं नाही. नुसतं पाहिलं आणि मिटलं.

त्या बाळाला मी कधी पाहिलेलं नाही. पण एक विनंती आहे. आकडा हवा असला तर लिहून नेऊ नका. मला विचारा. मी इथेच आहे.