नखाएवढी दुमड

चारुदत्त केतकर बँकेतून निवृत्त झाले ते कोलकात्यातच राहिले. नोकरीतली शेवटची वर्षं आधी बराकपूरच्या शाखेत आणि मग शहरात गेली होती, डमडमला फ्लॅट घेऊन झाला होता, आणि एकुलता एक मुलगा ऋषभ इथल्याच मुलांत वाढला होता. लहानपणी तो 'पाणी खातो' म्हणायचा, अगदी बंगाल्यांसारखा. त्याची आई सरलाबाई हसत. चारुदत्त त्याला ते वाक्य पुन्हा नीट म्हणायला लावत आणि तोवर पेला हातात देत नसत.

पंचविशी उलटली तरी ऋषभ बँकेच्या परीक्षेला मनापासून बसत नव्हता. त्याला वेड होतं कार्डांचं. जपानी खेळातली, चकचकीत चित्रांची ती कार्डं तो शाळेपासून जमवत आला होता. त्यातलं एक लाल ड्रॅगनचं कार्ड सगळ्यांत जुनं. तो काविळीतून उठला तेव्हा सरलाबाईंनी बराकपूरच्या शाळेबाहेरच्या दुकानातून त्याला एक पाकीट घेऊन दिलं होतं, त्यात ते निघालं. तेव्हापासून ते एकदाही खेळात उतरलं नव्हतं. आता त्या कार्डाच्या मागे जगभर लोक होते.

"अमेरिकेत पाठवायचं, आई," तो सांगे. "तिथे भिंगाखाली बघतात. कडा, कोपरे, छपाई मध्यावर आहे का, सगळं. मग दहापैकी गुण देतात आणि जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून पाठवतात."

"आणि दहा मिळाले तर?"

"तर बागबाजारला दुकान. मंदार जागा बघून ठेवतोय. पहिल्या दिवशी हेच कार्ड काचेत लावायचं."

मंदार हा त्याचा मित्र, सॉल्ट लेकला आयटीत होता. शहरातल्या हौशी मंडळींची कार्डं गोळा करून तोच एकत्र अमेरिकेला पाठवायचा. दोघांनी मिळून ऋषभचं कार्ड दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिलं होतं. एक ओरखडा नव्हता.

चारुदत्त हे सगळं वर्तमानपत्राआडून ऐकत. त्यांनी आयुष्यभर कर्ज मागायला येणाऱ्यांची पारख केली होती. कोण उभा राहील, कोण बुडेल, हे माणूस खुर्चीत बसायच्या आधी आपल्याला कळतं अशी त्यांची ख्याती होती. आपला मुलगा दुकान काढून बुडणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. समजावून झालं, ओरडून झालं, अबोला धरून झाला. ऋषभ ऐकून घ्यायचा आणि पुन्हा दिव्याखाली जाऊन बसायचा.

कार्डं मंदारकडे द्यायची त्या सकाळी ऋषभ अंघोळीला गेला. टेबलावर पाकिटं रचून ठेवली होती. चारुदत्त खोलीत शिरले, ड्रॅगनचं कार्ड पातळ पाकिटातून अलगद बाहेर काढलं आणि पाठीमागच्या बाजूला, खालच्या कडेशी, अंगठ्याचं नख दाबलं. फार नाही. चित्राच्या बाजूने काहीच दिसत नव्हतं. मागून तिरकं धरलं तरच नखाएवढी दुमड उजेडात चमकायची. त्यांनी कार्ड परत पाकिटात सरकवलं, हात धुतले आणि चहा मागितला. मनात म्हणाले, एकदाच काय ते दुखेल आणि सुटेल.

निकालाला बरेच महिने लागले. मंदारने कार्ड घरी आणून दिलं तेव्हा सोबत पेढे नव्हते, यावरूनच सरलाबाईंना कळलं. डबीच्या वर लिहिलं होतं, पाच.

"मागे दुमड आहे म्हणतात," मंदार खालच्या आवाजात म्हणाला. "ऋषभ, आपण बघितलं तेव्हा नव्हती रे."

ऋषभने डबी खिडकीशी नेली, तिरकी केली, बराच वेळ तसाच उभा राहिला. मग वळला.

"बाबा, माझ्या टेबलाला कोणी हात लावला होता?"

हाच तो क्षण होता. चारुदत्तांनी चष्मा काढला, पुसला. "मी कशाला लावू? त्या सकाळी तुझी आई खोली आवरत होती."

सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चारुदत्तांनी नजर वळवली नाही.

"आई?"

"आवरलं असेन," त्या म्हणाल्या. "फडकं मारताना लागला असेल हात."

"असेल? हजार वेळा सांगितलं होतं तुला! तुला काय कळतं त्यातलं? सगळ्याची माती केलीस!" मराठी कमी पडली तसा तो बंगालीत ओरडू लागला. ते शब्द सरलाबाईंना नीट समजत नव्हते, आवाज समजत होता. मंदार चपला घालून निघून गेला. चारुदत्त म्हणाले, "पुरे आता. आईशी असं बोलतात?" आणि हे म्हणताना त्यांना खरोखरच मुलाचा राग आला होता.

पुढे सगळं त्यांनी योजलं होतं तसंच झालं. ऋषभने कार्डं मंदारला देऊन टाकली, क्लास लावला, परीक्षा पास झाला. पहिली नेमणूक पाटण्याला मिळाली. महाराष्ट्र मंडळात चारुदत्तांनी पेढे वाटले. निघताना ऋषभ वडिलांच्या पाया पडला, आईला "येतो" म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला. सरलाबाईंनी डब्यात दिलेल्या वड्या चपलांच्या कपाटावर तशाच राहिल्या होत्या.

त्या दिवसापासून घरातली कुठलीही वस्तू उचलताना त्या विचारू लागल्या. "हे पुसू का? हा पेपर उचलू का?" चारुदत्तांना ते असह्य होई. एका दुपारी ते वैतागून म्हणाले, "अगं, घर तुझं आहे! विचारतेस काय सारखी?"

"सवय लागली."

"ते कार्डाचं अजून डोक्यात आहे का तुझ्या? सरला, ऐक. ते..."

"मला माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी चहाचं विचारायला आले होते. दारातच होते. तुम्ही नख दाबलंत ते पाहिलं मी."

चारुदत्त खुर्चीत बसले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला मुलगा राहिला नसता. मला वाटलं, माझ्यावरचा राग त्याचा जाईल. आईवरचा राग किती टिकणार? टिकला. आता तुम्ही सांगा त्याला. मी सांगितलं तर तो म्हणेल, बाबांवर ढकलतेय."

"सांगतो," चारुदत्त म्हणाले. "रविवारी फोन येईल तेव्हा सांगतो."

रविवारी फोन आला. ऋषभ आता सफाईदार बोलत होता. शाखेतल्या गोष्टी, एका कर्जदाराला आपण कसं पहिल्याच भेटीत ओळखलं, ते सांगत होता. "बाबा, तुमच्यासारखंच," तो म्हणाला. चारुदत्तांचा ऊर भरून आला. सरलाबाई समोरच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

"आई कशी आहे?" ऋषभने विचारलं. तो हे असंच विचारायचा, फोन ठेवता ठेवता.

"आई..." चारुदत्तांनी समोर पाहिलं. सरलाबाईंनी मान किंचित पुढे केली होती.

"बरी आहे," ते म्हणाले. "जरा विसरभोळी झालीय हल्ली. वयाचं आहे ते. तू मनात ठेवू नकोस रे तिचं काही."

"नाही, मी कधीच सोडून दिलं ते," ऋषभ म्हणाला. "ठेवतो."

सरलाबाई उठल्या. टेबलावर चारुदत्तांचा रिकामा कप होता. त्या तिथे थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "हा उचलू का?"

चारुदत्त म्हणाले, "उचल."