सातवीची पेटी

विज्ञानाच्या बाईंनी शाळेत मधमाश्या पाळायचं काढलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "आधी पोरं आवरा, मग माश्या," असं भूगोलाच्या सरांनी ऐकवलं. पण बाईंच्या पाठीशी मुख्याध्यापिका सिस्टर उभ्या राहिल्या. मिशनच्या शाळेत मुलांनी नुसती घोकंपट्टी करू नये, देवाने दिलेले हात वापरावेत, हे त्यांचं जुनं म्हणणं.

पेटी सातवीच्या वर्गाने स्वतः केली. फळ्या कापल्या, रंधा मारला, हातोडीने अंगठे ठेचून घेतले. झाकण आधी वाकडं बसलं, मग पुन्हा केलं. चॅपलच्या मागच्या भिंतीशी पेटी ठेवली आणि माश्या तिथे अशा रुळल्या, की जणू जन्मापासून तिथेच होत्या. मुलांनी राणीमाशीचं नाव 'मोठ्या सिस्टर' ठेवलं. खऱ्या सिस्टरांच्या कानावर ते गेलं होतं, पण त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या मेणाच्या मेणबत्त्या मुलांनी वेदीवर लावल्या तेव्हा तर त्यांचा ऊर भरून आला.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. बाकावर तिचं बूड टिकेल तर शपथ. पण पेटीसमोर ती तास तास हलायची नाही. पेटीतली पोळ्याची चौकट अलगद उचलणं तिच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं.

पेटीला आंबूस घाण वास येतोय, हेही पहिल्यांदा तिनेच सांगितलं.

बाईंनी चौकट उचलून पाहिली. अळ्यांच्या घरांवरची झाकणं खचली होती, काळवंडली होती. त्यांनी शेतकी खात्याच्या तपासनिसाला बोलावून घेतलं. त्याने एका घरात काडी घातली आणि हळूच बाहेर ओढली. काडीला तपकिरी, चिकट तार आली.

"जाळावी लागेल, बाई."

"औषध काहीच नाही?"

"हा रोग लाकडात मुरतो. वर्षानुवर्षं मरत नाही. पेटी ठेवली तर आजूबाजूच्या सगळ्या पेट्या जातील."

"पोरांनी आपल्या हातांनी केलीय हो."

"माझ्या हातात असतं तर मी आलोच नसतो," तो म्हणाला.

बाईंनी वर्गात हे सांगितलं. मग भिंगरी उभी राहिली.

"बाई, आजारी तर पिल्लं आहेत. मोठ्या माश्या धडधाकट उडतायत. त्यांना कशाला मारायचं?"

"अगं, त्याच पिल्लांना भरवतात. त्यांच्याच तोंडातून रोग पिल्लांना जातो."

"पण त्यांना कुठे माहितेय?"

बाईंनी फळ्याकडे वळून खडू जागेवर ठेवला.

शाळा सुटायच्या सुमारास सिस्टर वर्गात आल्या. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "प्रार्थना केली तर वाचतील?" सिस्टर म्हणाल्या, "प्रार्थना करू या." वाचतील असं त्या म्हणाल्या नाहीत. सगळ्यांनी डोळे मिटले. तपासनीस पेट्रोलचा डबा घेऊन दाराबाहेर थांबला. आमेन होईपर्यंत त्याने पाऊल आत टाकलं नाही.

खड्डा मुलांनीच खणला. मग सिस्टरांनी त्यांना घरी पाठवलं. भिंगरी मात्र फाटकाशी, न्यायला आलेल्या वडिलांचा हात धरून उभी राहिली, काही केल्या हलेना. वडील बाईंकडे बघून म्हणाले, "राहू दे हो तिला. घरी नेली तरी जेवायची नाही."

उन्हं उतरली, माश्या आत परतल्या. बाईंनी ओल्या फडक्याने पेटीचं दार बंद केलं आणि फडकं तळहाताने दाबून धरलं. तपासनिसाने वरून पेट्रोल ओतलं; त्याच्या वाफेनेच माश्या मरतात. आतला गुणगुणाट एकदम चढला, हाताखाली फळी थरथरायला लागली. मग थरथर कमी होत गेली. मग थांबली. तरी बाईंनी हात काढला नाही. तपासनिसानेच तो हलकेच बाजूला केला.

पेटी खड्ड्यात जळाली. मेण वितळून भडका उडाला, वर माती लोटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भिंगरी धावत आली. "बाई, चला ना!"

पेटीच्या मोकळ्या जागेवर मूठभर माश्या घिरट्या घालत होत्या. रात्री बाहेर राहिलेल्या असणार. दार जिथे असायचं, नेमक्या त्या उंचीवर येऊन त्या थबकत, मागे जात, पुन्हा येत.

"यांना कुठे ठेवायचं?"

"कुठेच नाही गं. राणीशिवाय त्या जगत नाहीत. आणि त्यांच्या अंगावरही रोग असेलच."

"मग आपण काय करायचं?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घंटा झाली, तासावर जायची वेळ झाली, तरी दोघी तिथेच उभ्या होत्या. माश्या येत होत्या आणि हवेत आपलं दार शोधत होत्या.