जोडीनं बदललेले ठोकळे

“सापडला चोर!” जुना मेकॅनिक उस्ताद गाडीखालून एवढ्या जोरात ओरडला, की गॅरेजमालकाच्या कपातला चहा हिंदकळला.

मालक वाकून बघू लागला. गाडी जॅकवर होती, मागचं चाक काढलेलं. दणके झेलणाऱ्या शॉकअपवरचं धूळ अडवणारं झाकण उस्तादनं वर सरकवलं होतं. आत दांड्यावर जिथं रबरी ठोकळा असायला हवा, तिथं नुसता चुरा होता. गाडी खड्ड्यात गेली की शेवटचा दणका हा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, पोटात घेतो. तोच झिजला, की लोखंडावर लोखंड आदळतं आणि तो हादरा थेट मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हाडांत जातो.

मागच्या सीटवर बसायची ती उस्तादची बायको. तिचं दुखणं आता कण्यात उतरलं होतं. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि वाटेत हा गतिरोधक आणि तो खड्डा. काल तिनं भिंतीकडे तोंड करून सांगून टाकलं होतं, “मला नाही यायचं आता. दुखणं राहिलं बाजूला, तुमची गाडीच जीव घेते माझा.”

लोकांच्या गाड्या नीट करण्यात याचं आयुष्य गेलं आणि घरची गाडी अशी खिळखिळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उस्तादला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. डॉक्टर बोलायचे तेव्हा तो नुसती मान हलवायचा. ‘आता फार आशा धरू नका,’ एवढंच त्याला कळलं होतं आणि तेवढंच त्याला कळून घ्यायचं नव्हतं. पण गाडी? गाडी त्याच्या हातातली होती.

“गाडी नीट केली तर येशील?” त्यानं विचारलं होतं.

तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, “येईन.”

“अरे, दुसऱ्या बाजूचा बरा दिसतोय की,” मालक म्हणाला. “एकच बदल.”

“नाही मालक, जोडीनंच बदलायचे. एक धड आणि एक मोडका, असं नाही चालत.”

मालकानं दुसरा ठोकळाही फळीवरून काढून दिला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिली बाजू झटक्यात झाली. दुसऱ्या बाजूचा खालचा बोल्ट मात्र गंजून दगड झाला होता. तेल सोडलं, हातोडी मारली, पान्याला पाइप लावून अंगाचं सगळं वजन टाकलं. बोल्ट ढिम्म हलेना.

“सोड रे बाबा. पाया पडतो तुझ्या, सोड,” उस्ताद त्याला विनवायला लागला. तेवढ्यात पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली.

“उद्या बघू,” मालक म्हणाला. “हात बघ तुझा.”

“उद्यापर्यंत तिचं मन फिरेल!” उस्ताद खेकसला. मग तो तिथंच जमिनीवर बसला आणि रक्ताळलेला हात मांडीवर ठेवून हमसून रडायला लागला. “ती नसली तर मी घरी कुणाकडे जाऊ, मालक?”

मालकानं कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि पाइपचं टोक धरलं. दोघांनी मिळून दम लावला, तेव्हा कुठं बोल्ट करकरत सुटला.

दुपारी ती ठेवणीतले कपडे घालून घराबाहेर आली. उस्तादनं मागच्या सीटवर उशा रचल्या होत्या.

“लग्नाला निघालीस की काय?”

“तुमच्या गाडीचा मान ठेवायला नको?”

कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. उस्तादनं दात आवळले. चाकं वर चढली, खाली उतरली. दणका नाही, आवाज नाही.

“कसं वाटतंय?”

“पाळण्यात बसल्यासारखं,” ती म्हणाली.

उस्तादला वाटलं, खाली उतरून नाचावं. हॉस्पिटलजवळचा रस्ता नुकताच केलेला होता, ताटासारखा सपाट. तिथं त्याला एक आवाज आला, बारीक, दाबून धरलेला. सवयीनं त्यानं आधी गाडीकडेच कान दिला. आवाज पुन्हा आला. इतके दिवस गाडी आदळायची, ती कण्हायची आणि त्याच्या लेखी ते एकच असायचं. आज गाडी गप्प होती, म्हणून ती एकटी ऐकू आली.

त्यानं आरशात पाहिलं. तिनं ओठ दातांत धरला होता.

“रस्ता तर सपाट आहे गं.”

“हो.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “गाडीला उगाच बोल लावला मी. मला नकोच होतं आता यायला. पण तुम्हाला ते कसं सांगायचं? गाडी निदान तुम्हाला नीट करता आली असती.”

हॉस्पिटलचं फाटक आलं. उस्तादनं गाडी आत घेतली नाही. बाजूला उभी केली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.

“घरी जायचं?” शेवटी त्यानं विचारलं.

“रागवाल.”

“नाही गं.”

“एवढी मेहनत केलीत. हाताची काय दशा झालीय.”

“मग? घरी जायला गाडी लागणारच की.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. उस्तादनं गाडी वळवली.

कोपऱ्यावरचा गतिरोधक पुन्हा आला. “धर गं,” तो सवयीनं म्हणाला. गाडी अलगद वर चढली आणि अलगद खाली उतरली. मागे उशांत डोकं ठेवून तिनं डोळे मिटले होते. घरापर्यंतच्या उरलेल्या सपाट रस्त्यावरही तो गाडी तितक्याच हळू चालवत राहिला.