नव्याण्णव गोल

वडील गेल्याला महिना झाला. चर्चमधली प्रार्थना आटोपली तशी ओटिलियाने एवाल्डकाकांना घरी आणलं. जेवायला असं म्हणून आणलं, खरं काम सहीचं होतं.

तिचे वडील राइमुंड ग्रुत्सा खाणीच्या फुटबॉल क्लबकडून अकरा वर्षं आघाडीला खेळले. नावावर गोल नव्याण्णव. शेजारच्या गावाविरुद्ध शंभरावा जाळ्यात गेला होता, पण पंचांनी तो त्या संघाच्या बचावपटूच्या, एवाल्ड शिमुराच्या नावावर मांडला. स्वतःच्याच जाळ्यात मारलेला गोल. आता मैदानावर वडिलांच्या नावाची पाटी लागणार होती. पंच चुकले असं एवाल्डकाकांनी लिहून दिलं, तर क्लब पाटीवर शंभर कोरायला तयार होता. ओटिलियाला तो शंभरावा हवा होता. वडिलांसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

सूपातल्या शेवया संपवून काकांनी कागद वाचला.

"पन्नास वर्षं झाली, आमचा न्हावीसुद्धा मला 'ग्रुत्साचा भागीदार' म्हणतो. सही केली की माझाही डाग जाईल. दे पेन."

पेन देता देता ती थांबली. "काका, चेंडू खरा चालला कुठे होता?"

"सही घे ना पोरी, चौकशा कशाला?"

"सांगा."

"कोपऱ्यातल्या झेंड्याकडे! इतका वाकडा फटका जन्मात पाहिला नाही. मी मूर्ख, उगाच पाय घातला. सामन्यानंतर त्याला म्हटलं, तुझाच म्हणून सांग, माझी लाज तरी राहील. तर गाढव म्हणतो, 'असला भिकार फटका माझ्या नावावर? तुझ्याकडेच ठेव.'"

भिकार. सूपात मीठ कमी पडलं की वडिलांच्या तोंडी हाच शब्द यायचा. ओटिलिया हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि चांगली मोठ्याने. मग तिने काकांच्या हाताखालचा कागद हळूच ओढून घेतला.

"अगं, आणि माझा डाग?"

"राहू द्या, काका. बाबांनीच ठेवायला दिलाय तुम्हाला."

"बापावरच गेलीस! केकचा तुकडा तरी मोठा काप."

तिने मोठा कापला, मग पाटी कोरणाऱ्याला फोन लावला.

"नव्याण्णवच लिहा."

"बाई, शंभर होणार होते ना?"

"नाही. नव्याण्णवच मारले त्यांनी."

"आणि म्हणावं," तोंडात केक असतानाच काका टेबलावरून ओरडले, "खाली माझं नाव कोरलंत तर याद राखा!"