ऑक्सिजन मुबलक आहे असे धरा

गणितं सोडवून घेताना माझा पारा लवकर चढतो, त्यात समोर भाची. तिचं "पण का?" काही केल्या संपत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून परीक्षा जवळ आली की दादा लेकीला माझ्यापुढे बसवतो आणि स्वतः आंघोळीचं निमित्त करून सटकतो.

त्या सकाळी प्रोपेनच्या ज्वलनाचं समीकरण चाललं होतं. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच. "पाहुणा एक आणि वाढपी पाच," मी म्हटलं. तिने पुढचं वाचलं: ऑक्सिजन मुबलक आहे असे धरा.

"आत्या, मुबलक का धरायचा?"

"लिहिलंय म्हणून."

"आणि पाचाऐवजी चारच मिळाले तर?"

"तर आधी ऑक्सिजन संपेल. काही कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड होईल. विषारी असतो, ना रंग ना वास. आता गुपचूप लिही."

ती लिहीना. "आपल्या गीझरला पण हाच गॅस ना?"

"हा आणि ब्यूटेन, मिसळून. पण खिडकी बंद करून गॅसचा गीझर कोण लावेल? अकलेचा कांदाच असेल तो."

"बाबांनी काल खिडकीला प्लास्टिक चिकटवलंय. गार वारा येतो म्हणाले."

क्षणभर मला ते वाक्य कळलंच नाही. मग कळलं. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. दादाचं बेसूर गाणं मात्र केव्हाचं थांबलं होतं आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"दादा, कडी काढ."

आधी तळहातांनी दार बडवलं. मी खांद्याने दारावर धडका मारत राहिले, शेवटी कडी तुटली. दादा भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर. मी श्वास रोखून गीझर बंद केला, त्याच्या काखेत हात घातले, भाचीने पाय धरले, आणि आम्ही त्याला फरफटत गॅलरीत आणलं. त्याचा श्वास चालू होता. जे समीकरण मी झोपेतही लिहीन, ते भिंतीपलीकडे घडत होतं, आणि मी पोरीला गुपचूप लिही म्हणत होते.

दवाखान्यात त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, मास्क बाजूला सारला आणि विचारलं, "गीझर बंद केलास का? गॅस जळत असेल उगाच." मला हसू आणि रडू एकदमच आलं. नर्सने मास्क पुन्हा बसवला.

भाची बाहेर बाकावर बसली होती.

"आत्या, बाथरूमची लांबी-रुंदी मोजली, गॅस किती जळतो ते बघितलं, तर बाबांकडे अजून किती वेळ होता ते काढता येईल?"

"येईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात घट्ट धरला.

"पण काढायचं नाही," मी म्हटलं.