एकुलती एक

कार्डं घरीच छापायची हा हट्ट माझा. होणारा नवरा म्हणाला, “फोनवर पाठवू की. लोक तसंही फोनवरच बघतात.” मी म्हटलं, मग लग्नही फोनवरच कर. तो मुकाट कागद आणायला गेला. माझ्या तोंडी लागायचं नाही हे त्याला लवकर कळलंय, त्यामुळे संसार बरा होईल असं वाटतं.

खरं कारण माळ्यावर होतं. ताईची लाकडी चौकट, बारीक जाळी ताणून बसवलेली. माझी थोरली बहीण छपाई करायची. स्वतःच्या लग्नाची कार्डं तिने याच चौकटीने, याच जेवणाच्या टेबलावर छापली होती. कार्डं सुकली, लग्न तोंडावर आलं आणि ती तापाने गेली. आईने ती कार्डं एकेक करून फाडली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ‘ताई’ हा शब्द तिने तेव्हा जो गिळला तो गिळलाच. फोटो कपाटात गेला. कुणी विचारलं तर आई सांगते, मला एकच मुलगी.

मजकुरात ‘धाकटी कन्या’ लिहायचं असं माझं म्हणणं होतं.

“धाकटी म्हटलं की लोक विचारणार, थोरली कुठंय?” आई म्हणाली. “भर लग्नात मी कुणाकुणाला सांगत बसू? ‘एकुलती एक’ लिही.”

“पण मी एकुलती एक नाहीये.”

“आता आहेस ना!”

माझं डोकंच फिरलं. तरी लिहिलं, कारण आईशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? पण हात जड झाला. जन्मभर मी ताईची धाकटी म्हणून मिरवले, तिच्या वस्तू ढापल्या, तिच्या नावाने मार चुकवला. ती नव्हतीच म्हटल्यावर मी कोण होते?

चौकट घासून धुतली, जाळीवर रसायन फासलं, मजकूर उमटवून घेतला. अक्षरांपुरती जाळी मोकळी राहते, बाकी सगळी बुजते. वर शाई घालून रबरी पट्टीने ओढली की खालच्या कार्डावर मजकूर उतरतो. ताईच्या जुन्या मजकुराचा पिवळट डाग तेवढा जाळीत राहिला होता. डागातून शाई उतरत नाही. “डागाला काय घाबरतेस, बावळट? तो नुसता दिसतो,” हे तिनेच शिकवलेलं.

दुपारी आई आडवी झाली होती. मी हातमोजे घालून कामाला लागले. पहिली काही कार्डं झकास आली. मग ‘एकुलती एक’ फिकं पडायला लागलं. शाई जाळीत सुकली असेल म्हणून पुसून घेतलं. पुढच्या कार्डावर ते शब्द आलेच नाहीत. मजकुरात तेवढीच कोरी जागा राहिली होती. त्याच्या पुढच्या कार्डावर त्या कोऱ्या जागेत काहीतरी धुरकट उतरलं, आणि त्यानंतरच्या कार्डावर ते वाचता आलं. थोरली.

मी तेवढ्या शब्दाच्या जागी जाळीला खालून चिकटपट्टी लावली. तरी ‘थोरली’ आलंच, उलट जास्त ठळक आलं. थोरली कन्या, ताईच्या कार्डावर होतं तसं, आणि खाली नाव माझं.

कार्ड सुकायला ठेवताना उजव्या कोपऱ्यात शाईचा अंगठा दिसला. माझे हातमोजे कोरडे होते. अंगठ्याच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती. कागद कापताना ताईच्या अंगठ्याला पातं लागलं होतं, त्या जखमेचा व्रण. ओला अंगठा कार्डाला लावायची तिची खोड जन्मात गेली नाही. मी मागची कार्डं पाहिली. ‘थोरली’ आलेल्या प्रत्येक कार्डावर अंगठा होता.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? त्याचबरोबर वाटत होतं, की तिने अजून एक तरी उमटवावा.

“काय गं, आवाज का थांबला?” म्हणत आई बाहेर आली. तिने कार्ड उचललं. मला वाटलं, आता हेही फाडणार. तिने कोपरा डोळ्यांजवळ नेला. मग आपला अंगठा त्या अंगठ्यावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“शाई ओली आहे,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“धाकटी लिही,” आई म्हणाली. “विचारू देत लोकांना. मी सांगेन.”

जाळी पुन्हा धुतली, नवा मजकूर चढवला. दुसऱ्या दिवशी छापायला बसलो तेव्हा आई कार्डं सुकायला मांडत होती. ‘धाकटी कन्या’ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ उतरलं. कुठे डाग नाही, कुठे फिकं नाही. मी खुशीत हात धुऊन आले, तर आई टेबलावर वाकलेली. प्रत्येक कार्डाचा उजवा कोपरा उजेडाकडे धरून बघत होती. सगळी बघून झाली तशी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

“एकावरही नाही गं,” ती म्हणाली.

“नाही.”

“ताई गेली का?”

इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून आला. काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं वाटलं, पण जीभ वळेना.

“गेली, आई.”

आईने हातातलं कार्ड नीट खाली ठेवलं, शाईला धक्का लागू न देता. आणि मग ती तेव्हा रडली नव्हती ते सगळं रडली.