दगडांचा दाखला नको

बाबांना दगडांचं वेड होतं. दर वर्षी थंडीच्या तोंडावर ते चष्म्याच्या दुकानाला एक दिवस कुलूप लावायचे, जुनी गाडी पुसायचे आणि शहराबाहेर लांबच्या माळावर उभी असलेली दगडांची वर्तुळं बघायला जायचे. ‘लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात, आमचे हे दगड बघतात,’ असं आई म्हणायची. म्हणायची आणि डबा भरून बरोबर जायचीही. आई गेली, तेव्हापासून डबा मुलगी भरत होती.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणापासून तिच्या पायाला भिंगरीच लागलेली होती, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर काचा घासायचं, त्या फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची, तेही अर्धं उभ्यानेच. आज मात्र गाडीत बसून तिचे पाय गप्प होते आणि डोकं गरगरत होतं. पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात होतं, डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सोमवारी बोलावलं होतं, आणि चार दिवसांपूर्वी आत्या फोनवर नको ते बोलून गेली होती.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी, आई गेली त्याच हिवाळ्यात, भिंगरी दारांवर, खुर्च्यांवर, माणसांवर आदळायला लागली. अंधार पडला की तिला काही म्हणता काही दिसेना. बाबांनी स्वतः तिच्या डोळ्यात भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. नजर बाजूंनी आत आत येत जाते, म्हणजे नळीतून पाहावं तसं उरतं, असा तो आजार होता. घराण्यातून येतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला?’ तेव्हा बाबा पटकन म्हणाले, ‘माझ्या धाकट्या चुलत्यांना होता. म्हातारपणी पार आंधळे झाले होते बिचारे.’

त्या चुलत आजोबांचा तेव्हापासून भिंगरीला आधारच वाटायचा. चष्म्याचं दुकान असलेल्या त्यांच्या घरात एकाच्याही नाकावर धड चष्मा नव्हता. बाबांनाही आत्ता आत्ता फक्त वाचायला लागायला लागला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणून सगळे हसायचे. तिच्या एकटीच्याच नाकावर लहानपणापासून जाड काचा. निदान एक माणूस तरी आपल्यासारखा होता, असं तिला वाटायचं.

आणि आता आत्या म्हणाली होती, ‘आंधळे? धाकटे काका? अगं, ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचे ते! रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवायचे, आम्हाला पोरांना लाज आणायला. कुणी सांगितलं तुला हे?’ आणि मग ती एकदम चुप्प झाली होती.

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. बाबांनी खोटं का सांगावं? दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर धंद्याची पर्वा न करता तोंडावर सांगणारा माणूस. डॉक्टरबाईंचं म्हणणं साधं होतं. आजार लांबच्या कुणाकडून चुकूनमाकून आला असेल तर बाळाला धोका कमी, अगदी जवळून आला असेल तर बराच. ‘नक्की कुणाला होतं ते नीट विचारून या,’ असं त्यांनी बजावलं होतं. नवराही सकाळी म्हणाला होता, ‘विचारून टाक एकदाचं. नाहीतर ना तू झोपणार, ना मला झोपू देणार.’

माळावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. वर्तुळं होती तशीच होती. कमरेएवढे, खांद्याएवढे, फिकट तांबूस दगड, आणि खाली काळी खडकाळ जमीन. हा दगड या माळाचा नाहीच, हे कुणीही शेंबडं पोर सांगेल. कुणी आणले, कुठून आणले, कशासाठी रचले, कुणालाच माहीत नव्हतं. दर वर्षी बाबा एखादा नवा तर्क वाचून यायचे आणि दर वर्षी स्वतःच तो मोडीत काढायचे. एका वर्षी ती जनावरांची दावण होती, एका वर्षी सूर्याचं घड्याळ, एका वर्षी पंचायतीची बैठक.

‘यंदा कोण म्हणतंय, की ही पुरलेल्या माणसांची जागा आहे,’ बाबा म्हणाले. ‘एका हाडाच्या तुकड्यावरून! सुतावरून स्वर्ग गाठतात लेकाचे. पुरावा काय?’

‘बाबा, मला एक विचारायचंय.’

‘विचार की. आधी तो पलीकडचा दगड बघू, मागच्या वर्षी कलला होता.’

आणि ते निघालेसुद्धा. तीही मागोमाग निघाली. तिला पूर्ण वर्तुळ कधीच दिसायचं नाही. एका वेळी एक दगड दिसायचा, फार तर दीड. मान फिरवत फिरवत डोक्यात ते जुळवावं लागायचं. बाबांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून ते एरवी तिच्याशी बोलताना बरोब्बर समोर उभे राहायचे, कितीही घाईत असले तरी. आज मात्र ते सारखे बाजूला सरकत होते. ती वळली की ते एक पाऊल पलीकडे, ती पुन्हा वळली की आणखी एक पाऊल. आवाज यायचा आणि माणूस नाही. तीन दगड असे झाल्यावर तिच्या लक्षात आलं की बाबा तिला दिसणार नाहीत अशा जागी मुद्दाम उभे राहतायत. तिला इतका राग आला की कानशिलं तापली.

‘समोर या,’ ती म्हणाली.

‘अगं, हा बघ, याच्यावर शेवाळ...’

‘बाबा, समोर या.’

ते आले. कोटाच्या खिशावर हात होता. सकाळपासून तो हात तिथेच होता. गाडी चालवतानाही ते मधूनच खिसा चाचपत होते. तिला आधी वाटलं, गोळ्या असतील.

‘धाकट्या आजोबांना दिसत होतं,’ ती म्हणाली. ‘ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचे. आत्या म्हणाली.’

बाबा दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागले.

‘खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे गोटे भरपूर आहेत, बाबा. एखादा निवडा आणि खरं काय ते सांगा.’

‘तुझ्या आत्याला कधी तोंड आवरलंय?’ बाबा हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. ‘बस ना जरा. चहा काढू?’

‘नको. मला पुरावा पाहिजे. आपल्या घरात कुणालाच नाही, तर मग मला आलं कुठून? आईकडून? आईच्या माहेरी कुणाला होतं?’

‘आईला मध्ये आणू नकोस.’

‘मग कुणाला आणू? सोमवारी डॉक्टरबाई विचारणार. माझं एक वेळ जाऊ द्या. याचं काय?’ तिने पोटावर हात ठेवला. ‘याला दिसेल की नाही ते मला आत्ता कळायला पाहिजे. चार रात्री झोपले नाही मी.’

बाबा शेजारच्या दगडाला टेकले. त्यांनी तळवा दगडावर ठेवला.

‘हे बघ, भिंगरी. हे दगड इथले नाहीत. कुणीतरी लांबून आणले. पण आता इतकी वर्षं इथे आहेत, की माळाला नावसुद्धा...’

पुढचं वाक्य काय असणार ते तिला त्या क्षणी कळलं, सगळंच कळलं, जाड काचांपासून आत्याच्या चुप्प होण्यापर्यंत.

‘दगडांचा दाखला नको,’ ती ओरडली. ‘दगडांचा दाखला देणार असाल तर मी गाडीत जाऊन बसते. सरळ सांगा.’

ऊन उतरत होतं. तिला कडांकडचं दिसेनासं व्हायला लागलं होतं. तिच्याकडे फार वेळ नव्हता. अंधार पडला की बाबांचा चेहरा जाणार होता आणि चेहरा न बघता हे ऐकायचं तिच्या जिवावर आलं होतं.

बाबांनी खिशात हात घालून बाहेर काढला. हातात एक जुना चष्मा होता. तपकिरी फ्रेम, एक काडी मोडलेली. तिने तो ओळखला. गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या चष्म्यांचा दुकानात एक ड्रॉवर होता. लहानपणी तिला त्यातला कुठलाही चष्मा खेळायला मिळायचा, फक्त हा सोडून.

‘दर वर्षी आणतो,’ बाबा म्हणाले. ‘दर वर्षी म्हणतो, आज सांगायचं. तुझी आई डोळे वटारायची आणि मी परत न्यायचो. ती गेल्यावर आणलाच नाही दोन वर्षं. तिला न विचारता सांगितलं असं व्हायला नको म्हणून. आज आणला.’

‘कुणाचा आहे?’

‘एक मुलगी संध्याकाळची आली होती दुकानात. दाराच्या चौकटीवर आदळूनच आत आली. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तुझ्याहून लहान. दिवस गेलेले, बरोबर कुणी नाही. दिवे लागले की दिसत नाही म्हणाली. मी नंबर काढून दिला. काळोखावर चष्मा चालत नाही हेही सांगितलं. मग येत राहिली. कधी नाकावरून घसरतो म्हणून, कधी नुसतीच. तुझी आई तिला बसवून घ्यायची. आम्हाला मूल नव्हतं, ते त्या पोरीने न सांगता ओळखलं.’

‘मग?’

‘तू झालीस. महिन्याभराची असताना घेऊन आली. म्हणाली, दिवसा मी सांभाळीन हिला, पण संध्याकाळनंतर काय करू? तुमच्याकडे उजेड आहे.’ बाबा थांबले. ‘दुकानात दिवे फार असतात ना, त्यावरून म्हणाली असेल. सगळं कायद्याने केलं आम्ही, कोर्टात जाऊन. त्याच दिवशी हा चष्मा दुरुस्तीला टाकून गेली. काडी मोडली होती. परत न्यायला आली नाही.’

‘नाव काय तिचं?’

‘कारखान्यात एक सांगितलं होतं, घरमालकाला दुसरं, आम्हाला तिसरं. कोर्टातलं चौथं. मी नंतर खूप शोधलं. तुझ्या आईला चोरून शोधलं. नाव खोटं सांगता येतं गं. नंबर खोटा सांगता येत नाही. तेवढाच खरा आहे माझ्याकडे.’

भिंगरीने चष्मा घेतला. काय करायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून रोज करायची तेच तिने केलं. चष्मा हातभर लांब धरला आणि काचेतून समोरचा दगड बघत तो सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवला. काचेतला दगड चष्म्याच्या बरोबरीने सरकला. म्हणजे मायनस नंबर. किती झपाट्याने सरकतो त्यावरून तिने अंदाज घेतला.

‘साडेचारच्या आसपास,’ ती म्हणाली.

‘पावणेपाच. दोन्ही डोळे.’

‘माझा नंबर कॉलेजात एवढाच होता.’

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘तेव्हा मी दोन रात्री जागा होतो.’

ती खाली बसली, काळ्या खडकावरच. तिला रडू आलं आणि रडताना रागही आला. आईचा आला, त्या पॅकिंगवालीचा आला, सगळ्यात जास्त बाबांचा आला.

‘आजोबांना कशाला आंधळं केलंत? सांगून टाकायचं होतं त्याच दिवशी.’

‘त्या दिवशी तुझ्या डोळ्यात भिंगातून बघितलं,’ बाबा म्हणाले, ‘आत काळे ठिपके होते. तिच्या डोळ्यात होते अगदी तसेच. तिचा चेहरा मला आज आठवत नाही. डोळ्याच्या आतलं आठवतं. इतक्या वर्षांनी ती तिथे दिसली आणि मी घाबरलो. वाटलं, आता ही तिची होणार. डॉक्टरबाईंनी विचारलं घरात कुणाला आहे, तर तोंडातून निघून गेलं, आमच्याकडूनच आलंय म्हणून. काहीतरी तर आमच्याकडून आलेलं असू दे, असं वाटलं. निदान आजार.’

दगड एकेक करून दिसेनासे झाले. बाबा समोर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचा चेहरा अजून जेमतेम दिसत होता.

‘तिने काही विचारलं होतं?’ भिंगरी म्हणाली. ‘माझ्याबद्दल?’

‘तू आत्ता विचारलंस तेच. पोटावर हात ठेवून. याला येईल का, म्हणाली.’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

‘नाही म्हणालो. ठामपणे म्हणालो. मला काय ठाऊक होतं? तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो.’

‘आता मी विचारतेय.’

बाबांना वेळ मारून नेता आली असती. या एका बाबतीत ती सवय त्यांना वर्षानुवर्षांची होती. पण ते हलले नाहीत, बाजूलाही सरकले नाहीत.

‘येऊ शकतं,’ ते म्हणाले. ‘तिच्याकडून सरळ तुला आलंय, तसं तुझ्याकडून त्याला. निम्मं निम्मं धर.’

तिने मान हलवली. चार दिवस ती या उत्तराला भीत होती, आणि ते आलं तेव्हा भीती होती तशीच राहिली. फक्त आत जे गरगरत होतं ते थांबलं. मोडक्या काडीचा चष्मा तिने रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवला. बाबांनी तो परत मागितला नाही.

गाडीपर्यंत जाताना पार अंधारलं होतं. तिने त्यांचं कोपर धरलं होतं.

‘सोमवारी तुम्ही यायचं,’ ती म्हणाली. ‘डॉक्टरबाईंना हे सगळं तुम्हीच सांगायचं. पावणेपाच, काळे ठिपके, सगळं.’

‘येईन.’ चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, ‘पण मी आता तिथे कोण म्हणून बसू?’

ती थांबली. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने कोपर सोडलं नाही.

‘बाबा म्हणून बसा,’ ती म्हणाली. ‘ते जमणार नसेल तर आंधळे चुलत आजोबा म्हणून बसा. ते तर तुम्हाला छान जमतात.’

बाबा हसले.

‘पुढे खड्डा आहे,’ ते म्हणाले. ‘डावीकडून ये.’

ती डावीकडून गेली.